तीर्थन, बरोट आणि काश्मीरची तळी : ट्राउटसाठी पाणी कधी लायक असतं?

पाणतळ (धागाकर्ता)

गणपती झाले की दर वर्षी हेच प्रश्न येतात. हिमाचलातल्या तीर्थन नदीला कधी जायचं, तिकडच्याच बरोटचं पाणी निवळलं का, काश्मीरमधल्या उंचावरच्या तळ्यांच्या, म्हणजे ग्रेट लेक्सच्या, ट्रेकला गळाचा रॉड न्यावा का. नुसता महिना सांगून भागत नाही. एकाच दिवशी तीर्थनकाठच्या गुशैणीला सकाळी आठ वाजता डोह मेल्यासारखा असतो आणि अकराला त्याच डोहात ट्राउट (थंड पाण्यातला मासा) वर येऊन किडे टिपत असतो. म्हणून पाणी कसं तपासायचं ते आधी लिहितो, जागांचं नंतर बघू. बाकीच्यांनी भर घालावी.

तपासायच्या गोष्टी तीन : तापमान, नितळपणा, पातळी. काठावर पोचल्यावर रॉड जोडायच्या आधी ही तिन्ही बघायची. पंधरा मिनिटं लागतात.

तापमान : थर्मामीटर दोरीला बांधून वाहत्या पाण्यात, सावलीत, हातभर खोल दोन मिनिटं ठेवा. काठच्या उथळ साचलेल्या पाण्याचं तापमान घेऊ नका, ते उन्हाने तीन-चार अंश जास्त दाखवतं. आकडा पाण्यात असतानाच वाचा, बाहेर काढला की लगेच बदलतो. तीर्थन आणि ऊहलमध्ये (बरोटची नदी) मुख्यतः ब्राउन ही ट्राउटची जात आहे. त्याचा हिशोब साधारण असा. ४ अंशांखाली तो तळाशी पडून असतो. ६ ते १० मध्ये खातो, पण आमिषामागे धावत नाही, ते अगदी तोंडाजवळून जावं लागतं. ११ ते १६ हा उत्तम काळ. १८ नंतर खाणं मंदावतं. १९-२० दिसलं की गळ गुंडाळायचा, कारण त्या पाण्यात लढवून सोडलेला मासा पोहत गेला तरी पुढे मरू शकतो.

यामागे प्राणवायू आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९.१. गुशैणी १६०० मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे हेच आकडे साधारण ९.३ आणि ७.५ वर येतात. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि साठा घटतो. अशा वेळी तो डोह सोडून खळाळाच्या तोंडाशी येतो, कारण फेसाळ पाण्यात हवा मिसळत असते.

नितळपणा : एका काठीच्या टोकाला बोटभर पांढरी टेप गुंडाळा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात घाला. ६० सेंटिमीटरच्या पुढेही दिसत असेल तर मासाही तुम्हाला तितकंच स्पष्ट बघतोय, जपून वागा. ३० ते ६० हे माझ्या मते सर्वांत चांगलं पाणी. २० च्या आत टेप गेली तर त्या दिवशी नदीचा नाद सोडा आणि एखाद्या उपनदीकडे वळा.

पातळी : पाण्याच्या कडेला बरोबर टेकेल असा एक दगड ठेवा आणि वीस मिनिटांनी बघा. दगड बुडला असेल तर पाणी चढतंय, कोरडा पडला तर ओसरतंय. ओसरणाऱ्या पाण्यात मासा खातो. चढायला लागल्याबरोबरची पहिली दहा-पंधरा मिनिटंही चांगली असतात, कारण काठचे किडे वाहून येतात. पण तो मोह टाळावा. का, ते पुढे कोणीतरी लिहीलच.

रानवाटा

फार उपयोगी. आम्ही दोघे पुण्याहून निघणार आहोत, मुक्काम गुशैणी-नागिणी भागात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि एप्रिलचा मधला आठवडा असे दोन पर्याय आहेत. कोणता घ्यावा? आणि मे महिना सगळे वाईट का म्हणतात?

कुल्लूकर

दोन्ही चालतील, पण पाणी वेगळं आणि मासेमारीही वेगळी.

आधी नियम. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण तो ब्राउनचा विणीचा काळ. बाकीचे महिने मत्स्य विभागाचा परवाना घेऊन गळ टाकता येतो. परवान्यावर जागेची हद्द, किती मासे ठेवायचे, किती लांबीच्या आतला सोडायचा आणि कोणतं आमिष चालतं हे असतं. ते वाचून घ्या, हद्दीचे फलक नदीवर प्रत्येक ठिकाणी नसतात. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या आत (२०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे) गळ टाकायचा नाही. गुशैणीच्या वर चालत जाताना उद्यानाचं फाटक कुठे लागतं ते गावात विचारून ठेवा.

आता महिने.

मार्च : पाणी कमी, काचेसारखं आणि थंड. सकाळी ५-६ अंश, दुपारी ९ पर्यंत. दहाच्या आधी काठावर जाऊन उपयोग नाही. अकरा ते तीन एवढाच दिवस समजा. वजनदार निंफ (पाणकिड्याच्या पिल्लासारखं बनवलेलं आमिष) तळाला घासत न्यायचा.

एप्रिल : माझी निवड. दुपारी तापमान १०-१२ ला जातं, मेफ्लाय आणि कॅडिस हे पाणकिडे निघायला लागतात, पाणी अजून हाताळता येण्याजोगं असतं.

मे-जून : वरचा बर्फ वितळतो. लोक वाईट म्हणतात ते दुपारनंतरच्या पाण्याला. बर्फ सगळ्यात जास्त वितळतो दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, पण ते पाणी खाली यायला वेळ लागतो. उगमाजवळ चढ संध्याकाळी दिसतो, बंजारच्या खाली रात्री. म्हणजे गुशैणीला पाणी सर्वांत कमी आणि नितळ असतं सकाळी सात ते दहा. पण तेव्हा ते सर्वांत थंडही असतं. यातून मार्ग असा की नऊला नदीवर जायचं आणि एकपर्यंत आवरायचं. आभाळ भरलेलं असेल तर बर्फ कमी वितळतो आणि दुसऱ्या दिवशीचं पाणी खाली येतं. मे महिन्यात आदल्या दिवशीचं ढगाळ आभाळ ही चांगली खूण आहे.

जुलै-ऑगस्ट : येऊ नका. गढूळ पाणी हे एक कारण, दरडी हे दुसरं. जुलै २०२३ मध्ये ब्यास आणि तिच्या खोऱ्यातल्या नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबर : पाऊस हटला की पाणी चार-पाच दिवसांत निवळतं. तापमान सकाळी ९, दुपारी १३-१४. मासा थंडीआधी पोट भरून घेतो. मात्र ऑक्टोबरच्या शेवटी नर ब्राउन विणीच्या तयारीत येतो, खालचा जबडा वर वळायला लागतो, अंग पिवळं-तांबूस होतं. असा मासा लागला तर पाण्याबाहेरही न काढता सोडावा.

वरचे आकडे गुशैणीच्या आसपासचे आणि ढोबळ आहेत. लारजीकडे उतराल तसे दोन-तीन अंश वाढवा. रानवाटा, पहिल्यांदाच येत असाल तर ऑक्टोबर घ्या. चूक खपवून घेणारं पाणी असतं.

गळवाला

कुल्लूकरांशी जवळपास सहमत. फक्त मार्चबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सुटली.

ब्राउनची मादी नोव्हेंबर-डिसेंबरात गोट्यांत खड्डा करून अंडी घालते आणि वर वाळू-गोटे लोटते. अंडी फुटायला सुमारे ४०० ते ४५० अंश-दिवस (पाण्याच्या रोजच्या अंशांची बेरीज) लागतात. ५ अंशांच्या पाण्यात हिशोब केला तर ८० ते ९० दिवस. म्हणजे डिसेंबरची अंडी मार्चमध्ये फुटतात आणि पिल्लं पोटाची पिशवी संपेपर्यंत आणखी काही आठवडे गोट्यांखालीच असतात. बंदी उठली म्हणून मार्चमध्ये नदीत बिनधास्त चालणारा माणूस एका पावलाखाली पुढचं पीक चिरडतो. या जागा ओळखता येतात : डोहाच्या शेपटाशी, जिथे पाणी उथळ होऊन वेग धरतं तिथे, सुपारी ते लिंबाएवढ्या गोट्यांचा लांबट पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ आणि शेवाळ नसलेला दिसतो. त्याच्या खालच्या टोकाला हलकासा उंचवटा असतो. तिथे पाऊल नको. एप्रिल सरेपर्यंत शक्यतो काठावरूनच गळ टाका, नाहीतर मोठ्या धोंड्यांवरून चाला.

आता मासा कुठे असतो ते पातळीप्रमाणे.

पाणी वर असेल तर मधली धार विसरा. मासा काठाला येतो, कधी कधी तुमच्या बुटापासून दोन फुटांवर. धोंड्याच्या मागची संथ जागा सगळ्यांना माहीत असते, पण धोंड्याच्या पुढेही पाण्याची एक उशी तयार होते आणि मोठा मासा बरेचदा तिथे असतो. काठच्या मुळांखाली, कपारीत, दोन धारा मिळतात तिथल्या शिवणीवर बघा. गुशैणीला फलाचन तीर्थनला मिळते, तिथे एक पाणी गढूळ आणि दुसरं नितळ असेल तर दोन रंगांच्या सीमेवर नितळ बाजूने गळ टाकावा.

पाणी खाली आणि नितळ असेल तर सगळा खेळ लपण्याचा. ट्राउट पाण्यातून वर बघतो तेव्हा बाहेरचं सगळं जग त्याला ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. कडेला, पाण्यालगत दहाएक अंशांच्या आतली वस्तू चपटी आणि अंधूक होते. माणूस उभा राहिला की त्या पट्टीच्या वर येतो, गुडघ्यावर बसला की खाली राहतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर जायचं, मागून. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गोटा गोट्यावर आपटला की आवाज पाण्यात हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, तेव्हा पाऊल टेकवून मग वजन टाका.

सामान : साडेआठ ते नऊ फुटी, ५ नंबरचा फ्लाय रॉड (कृत्रिम माशी टाकायचा) पुरतो. लीडर (दोरीच्या पुढचा बारीक धागा) नऊ फुटी, नितळ पाण्यात बारा. टिपेट (लीडरचं टोक, माशी बांधायचं) ४एक्स म्हणजे ०.१८ मिलिमीटर, नितळ पाण्यात ५एक्स, ०.१५. निंफमध्ये फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १४ ते १८ नंबर, टंगस्टनचा मणी असलेले. पाण्यावर चालणाऱ्यात एल्क हेअर कॅडिस आणि अ‍ॅडम्स, १४ ते १६. स्पिनर (फिरत्या पात्याचं आमिष) वापरणाऱ्यांनी ३ ते ६ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, या नदीत जड स्पिनर दर तिसऱ्या वेळी गोट्यांत अडकतो.

सूचक, म्हणजे वर तरंगणारा बोंडा, पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. तो पृष्ठभागावरच्या फेसापेक्षा थोडा हळू वाहत असेल तर निंफ तळाजवळ आहे. फेसाच्या वेगाने पळत असेल तर निंफ वरच लटकतोय, वजन वाढवा. दहा वेळा टाकून एकदाही तळाला लागला नाही तर तुम्ही माशाच्या डोक्यावरून मासेमारी करताय. नवख्यांना मासा लागत नाही त्याचं पहिलं कारण हेच, माशी चुकीची असणं नाही.

ध्रुवतारा

थोडा विरोध. पाणतळ म्हणतात २० सेंटिमीटरच्या आत टेप गेली तर नदी सोडा. फ्लायसाठी खरं. पण स्पिनरचं पातं फिरताना पाण्यात थरथर होते, ती मासा अंगाच्या कडेने जाणाऱ्या रेषेने ओळखतो. १५ सेंटिमीटरमध्येही काठाला लागून हळू ओढलेला तांबड्या-सोनेरी पात्याचा स्पिनर मासा देतो. चंदेरी पातं गढुळात दिसत नाही असा माझा अंदाज आहे.

पाणतळ

ध्रुवतारा, मासा देतो हे मान्य. माझा आक्षेप वेगळा आहे. रंग बघा. बर्फाचं पाणी हिरवट-दुधी असतं आणि ते रोज चढतं-उतरतं. चहासारखं तपकिरी पाणी म्हणजे वर कुठेतरी माती सुटली आहे, आणि ती का सुटली ते काठावर उभं राहून कळत नाही. हिरवट-दुधी १५ सेंटिमीटरला तुमचा स्पिनर चालवा. तपकिरी असेल तर काठापासून दूर.

कुल्लूकर

यावर सविस्तर लिहायलाच हवं.

डोंगरी नदीत पाणी येण्याआधी खुणा येतात. निवळ पाण्यात अचानक पालापाचोळा, काटक्या, देवदाराच्या सुया वाहत यायला लागतात. मातीचा वास येतो. पाण्याचा आवाज बदलतो, खळखळीच्या खाली एक जड घरघर ऐकू येते, ते तळाचे गोटे सरकत असतात. कधी उलटही होतं : वर दरड पडून पाणी अडतं आणि तुमच्या समोरचं पाणी एकदम कमी होतं. हे सर्वांत धोक्याचं. पाणी विनाकारण उतरलं तर आनंदाने आत जाऊ नका, सामान टाका आणि उतारावर चढा. नदीला समांतर पळू नका, आडवं वर चढा.

दुसरी गोष्ट धरणांची. तीर्थनवर मोठा जलविद्युत प्रकल्प नाही, म्हणून तिथला चढ-उतार बर्फ आणि पावसाचाच. सैंज, पार्वती आणि ब्यासवर तसं नाही. तिथे आभाळ निरभ्र असताना पाणी येऊ शकतं. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नदीपात्रातल्या गोट्यांवर उभे होते. धरणाच्या खाली मासेमारी करू नये हे माझं स्पष्ट मत आहे, परवाना मिळत असला तरी. भोंगा वाजेल या भरवशावर राहू नका, खळाळाजवळ तो ऐकू येत नाही.

पात्रात उतरायचं असेल तर पाणी मांडीच्या वर नको, हातात काठी हवी, कंबरेला पट्टा हवा. पडलात तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला. वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दोन गोट्यांत अडकतो.

रानवाटा

धन्यवाद, ऑक्टोबर पक्का. बुटांबद्दल विचारायचं होतं. रबरी तळ घ्यावा की फेल्टचा, म्हणजे नमद्याचा?

गळवाला

पकड फेल्टची चांगली, शेवाळलेल्या गोट्यांवर तर प्रश्नच नाही. पण फेल्ट आठवडाभर ओलं राहतं आणि एका नदीतले जंतू, शेवाळ दुसऱ्या नदीत नेतं. एकाच खोऱ्यात राहणार असाल तर फेल्ट घ्या. तीर्थन करून बरोटला जाणार असाल तर खिळे बसवलेला रबरी तळ घ्या आणि मधे बूट, जाळी पूर्ण वाळवा. नुसते पुसून चालत नाही.

हिमगौरी

आमचा ग्रुप पुढच्या वर्षी काश्मीर ग्रेट लेक्स करतोय, जुलैअखेर. विशनसर, किशनसर, गंगाबलला ट्राउट आहे असं ऐकलं. नदीचे नियम तळ्याला लागू पडतात का? दुपारी दोन-तीनला कॅम्पवर पोचणार, म्हणजे संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एवढाच वेळ.

ध्रुवतारा

हिमगौरीताई, तळ्याचं गणित बरंच वेगळं. नदीत मासा एका जागी थांबतो आणि खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तळ्यात खाणं थांबतं आणि मासा फिरतो. म्हणून तळ्यात प्रश्न 'कुठे लपलाय' हा नसून 'कुठून जाईल' हा असतो.

आधी परवाना. जम्मू-काश्मीरच्या मत्स्य विभागाचा लागतो, तारखा आणि अटी हिमाचलपेक्षा वेगळ्या आहेत. ट्रेक सुरू करायच्या आधी खालीच काढून घ्या, वर काही मिळत नाही.

तळी ३५०० ते ३८०० मीटरवर आहेत. विशनसर ३७०० च्या आसपास, किशनसर त्याच्या थोडं वर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६४ टक्के. १० अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरमागे सुमारे ७.२ मिलिग्रॅमच राहतो. म्हणजे गुशैणीला १५ अंशांचं पाणी मस्त, पण इथे तेवढं तापलेलं उथळ पाणी माशाला जड जातं. जुलै-ऑगस्टच्या कडक उन्हात दुपारी काठचं पाणी सोडून तो खोल उतरतो. तुमचे दोन-तीन ते पाच हे तास तसेही रिकामे जातील. तेवढ्यात जेवून विश्रांती घ्या, उंचीचा त्रास होतोय का बघा.

वाऱ्याचं वेळापत्रक जवळपास ठरलेलं असतं. सकाळी दहापर्यंत शांत, मग ऊन तापलं की दरीतून वर वारा सुटतो, तो सूर्य डोंगराआड गेला की पडतो. वारा वरचं कोमट पाणी आणि त्यावर पडलेले किडे ज्या काठाकडे ढकलतो, तिथे मासा जमतो. म्हणजे वारा पाठीवर घेऊन टाकणं सोपं, पण मासा असतो समोरच्या काठाला. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून टाकायला जड जातं, तरी तेच करावं. त्यासाठी १० ग्रॅमपर्यंतचा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) बरा.

जागा चार. एक, जिथे ओढा तळ्यात उतरतो. बर्फाचं पाणी थंड म्हणून जड असतं, ते आत शिरून खाली बुडतं आणि बरोबर किडे नेतं. बुडतं त्या रेषेवर मासा असतो. दोन, जिथून तळ्याचं पाणी बाहेर पडतं. किशनसरचं पाणी विशनसरमध्ये उतरतं आणि विशनसरमधून किशनगंगा निघते. गंगाबलचं पाणी नुंदकोलला आणि तिथून वांगत नाल्याने सिंधला जातं. ट्राउटला विणीसाठी वाहतं पाणी लागतं, त्यामुळे ही तोंडं त्यांच्या कायमच्या येण्याजाण्याची. तीन, उथळ काठ एकदम खोल होतो ती कड. उंचावरून बघितलं तर पाण्याचा रंग फिक्यावरून गडद होतो ती रेषा सरळ दिसते, कॅम्पवर उतरतानाच हेरून ठेवा. चार, पाण्यात घुसलेलं खडकांचं नाक.

संध्याकाळी वारा पडला की पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागतात. ती मिज नावाच्या चिलटांची पिल्लं पृष्ठभागावर येत असताना होतात. तेव्हा मोठी माशी टाकून उपयोग नाही. १८-२० नंबरचा काळा मिज प्यूपा, ५एक्स किंवा ६एक्स टिपेट, आणि अजिबात न हलवता. वर्तुळं एका ओळीत उठत असतील तर मासा कोणत्या दिशेने चाललाय ते कळतं, त्याच्या पुढे दोन-तीन मीटर टाकायचं. वर्तुळाच्या मधोमध टाकाल तर तो आधीच पुढे गेलेला असतो.

वर्तुळं नसतील तर वूली बगर ही मोठी माशी, ८-१० नंबर, काळा किंवा ऑलिव्ह. टाकला की मनात मोजा. पाच मोजून ओढा, काही नाही तर दहा, मग पंधरा. तळाचं गवत लागलं की दोन कमी करा आणि तोच आकडा धरून ठेवा. मासा लागला तो आकडा सगळ्या ग्रुपला सांगा, त्या संध्याकाळी मासे बहुधा तेवढ्याच खोलीवर असतात.

आणि विजा. दुपारी खिंडीवर ढग काळे झाले तर रॉड खाली. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो.

हिमगौरी

वा, यापेक्षा जास्त काय हवं. गंगाबलचं पाणी फोटोत निळं-दुधी दिसतं, ते गढूळ समजायचं का?

ध्रुवतारा

नाही. हरमुख डोंगराच्या हिमनद्या खडक घासतात त्याची पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगते, तो रंग तिचा. टेपची काठी घाला. ५० सेंटिमीटर दिसत असेल तर काही अडचण नाही. फक्त ओढ्याच्या तोंडाजवळ भुकटी दाट असते, तिथे गडद रंगाची माशी वापरा, फिकी हरवते.

सह्यभ्रमर

बाळबोध प्रश्न वाटेल, पण महाबळेश्वर किंवा भंडारदऱ्याला ट्राउट का सोडत नाहीत? थंडी तर असते.

पाणतळ

प्रश्न रास्त आहे. थंडी हवेला असते, आणि तीही काही आठवडे. ट्राउटला बाराही महिने २० अंशांच्या आतलं पाणी लागतं. आपल्याकडे सर्वांत उंच कळसूबाई, १६४६ मीटर, म्हणजे गुशैणीएवढंच, पण वर बर्फ नाही. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीतले ओढे आटतात आणि जलाशयांचं वरचं पाणी पंचविशीच्या पुढे जातं. दक्षिणेत नीलगिरीला अव्हलांच भागात रेनबो (ट्राउटची दुसरी जात) टिकला तो २००० मीटरवरच्या शोला जंगलांतल्या बारमाही वाहणाऱ्या झऱ्यांमुळे.

गळवाला

बरोटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ऊहलचं पाणी बरोटला अडवून शानन वीजघराला नेतात, १९३० च्या दशकातली योजना. लंबाडग नदीही तिथेच येते. बंधाऱ्याच्या वर पाणी नैसर्गिक आहे, खाली ते नेल्यामुळे उरलेलं पाणी कमी आणि लवकर तापणारं. बंधाऱ्याची दारं उघडून गाळ सोडला की खालची नदी गढूळ होते, पाऊस नसताना सुद्धा. म्हणून बरोटला वरच्या अंगाला जा. बरोट १८०० मीटरच्या वर आहे, तेव्हा तीर्थनच्या वेळापत्रकात दहा-बारा दिवस सरकवा : वसंत उशिरा, शरद लवकर.

आणखी एक. गावाजवळच्या फार्ममधून निसटलेला रेनबो कधी कधी लागतो. अंगावर गुलाबी पट्टा, शेपटीवर ठिपके. ब्राउनला लाल ठिपक्यांभोवती फिकी कडी असते. ठेवायचाच असेल तर परवान्यात बसणारा रेनबो ठेवा, नदीत वाढलेला ब्राउन सोडा.

कुल्लूकर

सोडण्यावरून आठवलं. तीर्थनमध्ये तोंड खाली वळलेला, बारीक खवल्यांचा, चंदेरी-राखी मासा लागला तर तो असेला, इथलाच मूळचा. गोट्यांवरचं शेवाळ खरवडून खातो. ब्राउन परदेशी, काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि कुल्लूत १९०९ च्या सुमारास कटराईला आणलेला. असेलाच्या वाट्याचं पाणी त्याने आधीच घेतलंय. असेला न मोजता, फोटोही न काढता लगेच सोडावा.

सोडायची रीत : काटा बिनदात्यांचा, दात असतील तर पक्कडीने दाबून टाका. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. जाळी रबरी. पाण्याबाहेर दहा सेकंदांच्या वर नाही. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरा, पुढे-मागे हलवू नका, मागे ओढताना कल्ल्यांत पाणी उलटं जातं. काटा घशात गेला असेल तर ओढू नका, टिपेट कापा.

रानवाटा

शेवटचं विचारतो. थर्मामीटर खास घ्यावा लागेल का? घरी दुधाचा आहे, काचेचा.

पाणतळ

चालेल, फक्त त्याची चूक किती आहे ते घरीच बघून घ्या. पेल्यात ठेचलेला बर्फ काठोकाठ भरून थोडं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटांनी थर्मामीटर शून्य दाखवायला हवा. दीड दाखवत असेल तर नदीवरच्या प्रत्येक आकड्यातून दीड वजा करायचा. काच फुटू नये म्हणून वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, खालचा फुगा मोकळा ठेवा. आणि पारा असलेला नेऊ नका, तांबड्या स्पिरिटचा न्या. गोट्यावर फुटला तर पारा नदीत जाईल.